पट जिंकलेली गादी

रत्नमालाचं गावात कुणाशी वाकडं नव्हतं. दुश्मन म्हणाल तर एकच, तिचं स्वतःचं तोंड. हात झकास, मशीनवर बसली की ब्लाऊजची बाही अशी बसवायची की लाखांदूरच्या टेलरनं येऊन पाहावी. डोकंही बरं. पण तोंड उघडलं की ते तिला विचारायला थांबायचं नाही.

भंडाऱ्याला ती एका संस्थेच्या ट्रेनिंगला गेली होती. धुऊन पुन्हा वापरता येतात ते कापडी पॅड शिवायचं शिकली. सगळं नीट पार पडलं. शेवटच्या दिवशी संस्थेच्या साधना मॅडमनी विचारलं, "तुमच्या गावात बायका हे पॅड उघड्यावर, उन्हात वाळवतील का?" बाकी गावच्या बायका जमिनीकडं बघत बसल्या. शहाण्या होत्या. आमची रत्नमाला उभी राहिली अन् म्हणाली, "मॅडम, आमच्या दिघोरीत तं भर अंगनात तारेवर फडकतील. झेंड्यावानी!"

झालं. मॅडमनी तो शब्द पक्का धरला.

"याआधी एका गावात वर्ग काढला होता," त्या म्हणाल्या. "बायकांनी शिवले, वापरले, धुतले आणि लाजेपोटी पेटीमागं दडपून ठेवले. ओलंच कापड पुन्हा वापरलं. खाज झाली, पुरळ आलं, आणि नाव पॅडचं खराब झालं. म्हणून आता ऊन नाही तर वर्ग नाही. मी मशिनी देते, कापड देते. तुमच्या गावचा शंकरपट झाला की येईन. तारेवर पॅड दिसले तर मशिनी दिघोरीच्या. नाही दिसले तर पुढच्या गावाला जातील."

"तुम्ही या तं खरं, मॅडम!" रत्नमाला म्हणाली. अजून एकदा तोंड.

मशिनी टेम्पोतून आल्या आणि रत्नमालाच्या ओसरीवर बुद्धाच्या फोटोखाली मांडल्या गेल्या. नवरा प्रफुल्ल वरठीला कामाला, कधीमधी सुट्टीला यायचा. पोरबाळ नाही. दुपारी घर खायला उठायचं, मग ती मांजरीशी भांडायची. आता त्या ओसरीवर बायका जमल्या, मशिनी खडखडल्या, एकीनं टोमणा मारायचा अन् सगळ्यांनी फिदीफिदी हसायचं. रत्नमालाला वाटलं, बाप्पा, हेच तर पाहिजे होतं आपल्याला. त्या मशिनी परत गेल्या असत्या तर बाई नुसती रडली नसती, तिनं हंबरडा फोडला असता.

पहिल्या दिवशी तिनं पुठ्ठ्याचा साचा वर धरला. "वळखा पाहू, हे काय होये?"

"डोंगा," एक म्हणाली.

"चपलीचा तळ."

"मासोळी," बायजाबाई म्हणाली. बायजाबाईचं डोकं पांढरं फेक, तिची पाळी जाऊन जमाना लोटलेला. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण चहा मिळतो म्हटल्यावर ती रोज सगळ्यांच्या आधी हजर असायची, आणि मशीनवरची सगळ्यात सरळ शिवण तिचीच निघायची.

रत्नमालानं समजावून सांगितलं. वर मऊ फ्लॅनेल, मधात सुती कापडाच्या घड्या, खाली रेनकोटसारखं कापड. दोन बाजूंना दोन पंख, पंखांना टिचबटन. कपड्याला वेढा मारायचा, बटन दाबायचं, इकडे नाही की तिकडे नाही सरकत. किती ओल धरतं ते दाखवायला तिनं चक्क कपभर चहा त्यावर ओतला. चहा नाहीसा झाला. बायका पुढे वाकल्या.

"पाह्य वो माय, किती पिते!" बायजाबाई म्हणाली. "आमच्या बुढ्यावानी! अन् तोंडही पुसत नाही."

पॅड हा शब्द मात्र कुणी उच्चारेना. मग त्याला 'घडी' नाव पडलं. धानाचा रोवणा करणारे हात ते, चिखलात रोप सरळ लावणाऱ्यांना कापडावरची शिवण काय जड? बघता बघता जांभळ्या फुलांच्या घड्यांचा ढीग झाला. शिवणं जमलं. अडलं ते वाळवणं.

एकीची घडी धानाच्या ढोलीमागं. एकीची ओल्या साडीच्या आत, म्हणजे साडी वाळायची आणि घडी कुबट व्हायची. एकीनं तर पावसाळी छत्रीत पसरली अन् छत्री मिटून खुंटीला टांगली. रत्नमालानं हात जोडले, डोळे वटारले, चहा बंद करीन म्हणून धमकी दिली. उत्तर सगळ्यांचं एकच: "गोदावरीबाईनं अंगनात टाकली, तं आमी टाकू."

गोदावरीबाई म्हणजे शंकरपटाचे बैल पाळणाऱ्या भय्याजींची बायको. बचत गटाची अध्यक्ष. तिनं लुगड्याचा रंग बदलला की आठवड्यात गल्लीचा बदलायचा. लेक दामिनी बारावीला, लाखांदूरला जायची. पावसाळ्यात ओलं फडकं वापरून पोरीला असं पुरळ उठलं होतं की बसता येईना. तेव्हा डॉक्टरकडं नेलं ते गोदावरीबाईनंच, आणि वर्गात पोरीला हाताला धरून आणलं तेही तिनंच. बाई मनानं वाईट नव्हती. पण अंगण म्हटलं की दगड.

"काकू, डाक्टरनं काय सांगितलं होतं?" रत्नमालानं विचारलं.

"ऊन दाखवा म्हनलं होतं."

"मंग?"

"डाक्टरच्या अंगनात त्याचा सासरा खाट टाकून बसते का? माह्या अंगनात बसते. सासरा बसते, दीर बसते, भय्याजी बसते, अन् भय्याजीचे ते पटवाले दोस्त बसते. त्यायच्या डोक्यावर पोरीची घडी लोंबकळू देऊ? तू टाकतं ना अंगनात, टाक. तुह्या घरी पाहाले हाये कोन? मांजर!"

ते रत्नमालाला लागलं. पण तिनं गिळलं, कारण मशिनी.

शेवटी तोडगा निघाला तो गोठ्यात. गोठ्याच्या माळ्यावर तणसाचा म्हणजे धानाच्या पेंढ्याचा ढीग होता, गोदावरीबाईनं छपरावरचं एक कवेलू सरकवलं, तेवढ्यातून दुपारी ऊन यायचं. तिथं दामिनीनं घड्या पसरायच्या आणि कुणी विचारलं तर मांजरीची पिल्लं पाहायला चढले म्हणायचं. रत्नमाला म्हणाली, "काकू, मॅडमले तारेवर पाहिजे." गोदावरीबाई म्हणाली, "मॅडमले म्हन, माळ्यावर चढा." त्यापुढं बोलणं संपलं.

आणि शंकरपट आला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, त्याला जोडी जुंपलेली, आणि धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांतून, म्हणजे शेतांतून, सरळ धाव. घरोघरी पाहुणे, रानभर दुकानं, रात्री नाटक. त्या दोन दिवसांत आमच्याकडं माणसाला बैलाच्या खालचा मान असतो, आणि कुणाची काही तक्रार नसते.

भय्याजींची जोडी वकील आणि फौजदार. वकील तीनदा हाक मारल्याशिवाय हलायचा नाही आणि हलला की थांबायचा नाही. फौजदार नुसता अंगावर यायचा. घरच्या माणसांना दिवाळीला जे मिळतं ते या दोघांना रोज. जवसाची ढेप काय, अंडी काय, दूध काय! आणि ऐन पटाच्या आदल्या दिवशी सरावात वकीलचा खांदा जुवानं सोलवटला. भय्याजींच्या तोंडचं पाणी पळालं. हळद लावली, तेल लावलं, बैलाच्या कानात काहीबाही बोलले. मग जुवाखाली घालायला मऊ चिंधी शोधत माळ्यावर चढले.

तिथं तणसावर उन्हात जांभळ्या फुलांच्या गाद्या ओळीनं मांडलेल्या! मऊ. जाडसर. शिवण पक्की. भय्याजींनी एक उचलून खाली आणली, जुवाला लावून पाहिली. दोन पंखांनी जुवाला बरोबर वेढा बसला. टिचबटन दाबलं, टक्क! माणूस तिथंच गहिवरला. त्याला वाटलं, बायकोनं आपल्या बैलांसाठी गुपचूप शिवून ठेवल्या. आपण हिला उगाच बोलतो, असंही वाटलं. हे त्यांनीच नंतर चारचौघांत सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बायका शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून चिवडा खात होत्या. मधोमध गोदावरीबाई, शेजारी दामिनी, मागं रत्नमाला. भोंग्यावर नाव पुकारलं, "दिघोरीचे भय्याजी! वकील-फौजदार!" जोडी समोर आली. रत्नमाला कापड कापणारी बाई. तिला माणसाच्या आधी त्याचं कापड दिसतं. तिनं जुवाकडं पाहिलं आणि चिवड्याचा घास तिच्या घशात अडकला.

"काकू," ती कशीबशी म्हणाली, "वकीलच्या मानेवर पाहा."

गोदावरीबाईनं पाहिलं. तिनं पदर तोंडात कोंबला. दामिनीनं ओढणी सगळ्या तोंडावर घेतली आणि आतून आवाज आला, "माय वो, मरते मी."

"बैल पलटू दे," गोदावरीबाई पुटपुटत होती, "छकडा पलटू दे, काही बी होऊ दे, पन लोकायचं लक्ष नको जाऊ दे."

छकडा पलटला नाही. सोलवटलेल्या खांद्याला मऊ गादी लागल्यावर वकील असा सुटला की त्याला एकदाही हाक मारावी लागली नाही. शेजारच्या बांधीत गावातल्याच मंगरूची जोडी होती, ती अर्ध्यावरच राहिली. गर्दीनं आरोळी ठोकली. जोडी पहिली आली! भय्याजींनी छकड्यावरून उडी मारली, वकीलचा मुका घेतला, आणि ज्याला त्याला जुवावरची गादी दाखवत सुटले. भोंगेवाल्यानं त्यांच्या हातात माईक दिला.

"ह्या गाद्या माह्या घरी शिवल्या!" भय्याजींचा आवाज सगळ्या रानात घुमला. "बायकोनं शिवल्या! काय वो, तूच ना?"

हजार माणसं धुऱ्याकडं वळली. गोदावरीबाई चारचौघांत कधी खोटं बोलली नव्हती. तिला तसा सरावच नव्हता. ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "मी नाई. त्या रत्नमालानं. बैलायसाठीच शिवते ते."

आता सगळी माणसं रत्नमालाकडं वळली. अशा वेळी त्या तोंडानं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. रत्नमालानं नुसती हो म्हणून मान हलवली.

पट संपायच्या आत तिच्या दारात माणसांची रांग. ज्यांनी आजवर तिला 'टेलरीनबाई' यापलीकडं हाक मारली नव्हती ते "रत्नमालाताई, आमच्या शिंग्याची मान जाड हाये, जरा मोठी शिव" म्हणत होते. मंगरू तर माप द्यायला बैलच घेऊन आला. बैलानं ओसरीवरची पुठ्ठ्याची मासोळी खाल्ली.

पण गंमत पुढंच आहे. गोदावरीबाईनं दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्याच्या डोक्यावर, भर अंगणात, तारेवर ओळीनं घड्या टाकल्या. सासऱ्यानं विचारलं, "बैलाच्या का?" ती म्हणाली, "हाव जी, मामाजी." तो म्हणाला, "आखीन दोन पाहिजे होत्या." संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक तारेवर घड्या. बैल असलेल्या घरी तर झाल्याच, बैल नसलेल्या घरीही झाल्या. बायजाबाईकडं एकच बकरी. तिनंही उगाच दोन टाकल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, "बकरी उतरवते ना पटात औंदा."

रत्नमाला ओसरीवर उभी राहून गल्ली पाहायची. मॅडमनी आत्ता यावं, या क्षणी यावं, असं तिला व्हायचं. थोडंसं खोटं होतं, हो. पण ऊन तर खरं होतं ना? मशिनी राहणार होत्या. ती दिवसभर गुणगुणायची.

मग एका दुपारी दामिनी आली आणि दारातच उभी राहिली. कॉलेजची वेळ, पण पोरगी घरच्या कपड्यांत.

"काहून वो, कालेज नाही आज?"

"प्रॅक्टिकल होतं. नाही गेले." दामिनीनं खाली पाहिलं. "ताई, माह्यापाशी घडी नाही. तारेवर टाकली की बाबा काढून नेते. वकीलले दोन, फौजदारले दोन, उरल्या त्या मंगरूकाकाले भेट देल्या. आईनं जुनं फडकं देल्लं, तेही ओलंच होतं. परत पुरळ उठून राहिलं."

रत्नमालानं हातातली कात्री खाली ठेवली.

"बैलायचं बरं झालं, ताई," दामिनी म्हणाली. तिला हसायचं होतं, पण रडूच आलं. "त्यायले कोरडं भेटून राहिलं."

रत्नमालानं तिला आत घेतलं, नव्याकोऱ्या घड्या दिल्या, डोक्यावरून हात फिरवला. पण दोघींनाही ठाऊक होतं, या तारेवर जातील आणि तारेवरून गोठ्यात. इतर घरीही तेच चाललं होतं. बैलाचं सामान ते. गडीमाणसानं उचललं तर त्याला अडवायचं कुठल्या तोंडानं? रत्नमालाला स्वतःची लाज वाटली. आणि तरी तिनं मनाशी म्हटलं, परवा मॅडम येऊन जाऊ दे. मशिनी पक्क्या होऊ दे. मग सांगू.

मॅडम आल्या. जीपमधून उतरल्या आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकल्या. दोन्ही बाजूंना तारा आणि तारांवर जांभळी फुलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "रत्नमाला," त्या म्हणाल्या, "मी इतक्या गावांत फिरते. असं कुठंच नाही पाहिलं गं." आणि त्यांनी तिला मिठी मारली.

तेवढ्यात भय्याजी आले. मॅडम सरकारी आहेत अशी त्यांची समजूत. त्यांनी वकील-फौजदाराला जू घालून, नवी झूल चढवून, शिंगांना तेल लावून सोबतच आणलं होतं. मागं मंगरू, तो पोती वाहून आलेला, आणि एक घडी त्यानं बनियनच्या पट्ट्याला टिचबटन लावून खांद्यावर बसवलेली.

"मॅडम, नमस्कार जी," भय्याजी म्हणाले. "आमच्या गावच्या बायानं जो शोध लावला तो शासनानं पाह्यला पाहिजे. हे पाहा. घासत नाही, घाम पिते, धुवून उन्हात टाकली की पुन्हा नवी. वकीलचा खांदा पाहा, कसा भरून आला! प्रत्येक बैलाले भेटली पाहिजे ही गादी."

मॅडमनी वकीलकडं पाहिलं. मग मंगरूच्या खांद्याकडं पाहिलं. मग सावकाश रत्नमालाकडं वळल्या. "हे काय आहे?"

बायका दारादारांत उभ्या होत्या. गोदावरीबाई दुरून मानेनंच नको नको म्हणत होती. बैलाच्या आहेत म्हणावं तर मशिनी गेल्या. खरं सांगावं तर या सगळ्याजणींचं गड्यांपुढं नाक कापलं जाणार, आणि मग कुणाच्या तारेवर एक घडी दिसायची नाही. म्हणजे तरीही मशिनी गेल्याच. तिला दामिनी दिसली, दाराच्या चौकटीला टेकून, पाय अवघडून उभी असलेली. आज बसताही येत नव्हतं पोरीला.

"भय्याजी," रत्नमाला म्हणाली, "ते बैलाचं नाही. बाईचं होये. पाळीत वापराचं. तुमच्या गोठ्यावर होत्या त्या दामिनीच्या होत्या."

मंगरूनं खांद्यावरची घडी विंचू काढावा तशी दोन बोटांनी काढली, ठेवायला जागा सापडेना म्हणून परत खांद्यावर ठेवली, आणि मग परत काढली.

भय्याजी बायकोकडं वळले. "तू तं बैलायचं म्हनली होती."

"म्हनली," गोदावरीबाई म्हणाली. ती अंगणातून रस्त्यावर आली होती आणि तिचा पदर डोक्यावरून पडला होता, पण तो सावरायचं तिला भान नव्हतं. "लाजेनं म्हनली. हजार मानसं होती समोर. चुकलं माह्यं. पन तुम्हाले एक इचारते. वकीलचा खांदा सोलवटला तं तुम्ही दिवसभर जेवले नाही. हळद लावली, कानात बोलले. पावसाळ्यात तुमच्या पोरीले पुरळ उठलं, तिले उठता येये ना बसता येये ना. एकाच घरात राह्यतो आपन. तुम्ही इचारलं का एक डाव, पोरगी उभ्यानं काहून जेवते?"

भय्याजी वाकले, वकीलच्या जुवाखालचं टिचबटन काढलं, फौजदाराचं काढलं. घड्या हातात घेतल्या. झटकल्या. बैल घेऊन घराकडं निघून गेले.

ते वळणाआड जायचाच अवकाश, बायका तारांवर तुटून पडल्या. ओंजळी भरभरून घड्या घरात गेल्या. बायजाबाईनं तेवढ्या आपल्या दोन राहू दिल्या. "मले कायची लाज," ती म्हणाली. "पन माह्या काय कामाच्या?"

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "खरं बोललीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण रत्नमाला, नियम माझा एकटीचा नाही. लाखांदूरला मुक्काम आहे. सकाळी टेम्पो घेऊन येते."

सकाळी रत्नमालानं मशिनींना तेल दिलं, पुसल्या, झाकणं घातली. त्यांच्याशी दोन शब्द बोलली. टेम्पो आला तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि तिनं ते लपवले नाहीत. मॅडम टेम्पोतच, ड्रायव्हरच्या शेजारी. "चल, आधी गावातून एक चक्कर मारू," त्या म्हणाल्या. "तारा बघते." रत्नमाला मागं चढली. तिला ठाऊक होतं काय दिसणार ते.

तारा मोकळ्या होत्या. एका घरी लुगडं, एका घरी पोराची चड्डी. ड्रायव्हर गाणं लावणार होता, मॅडमनी नको म्हणून हात केला.

भय्याजींच्या घरापाशी टेम्पो हळू झाला, कारण रस्त्यात कुणाची तरी मोटरसायकल आडवी उभी होती. अंगणात म्हाताऱ्याची खाट सावलीत सरकवलेली. भय्याजी स्वतः स्टुलावर चढले होते आणि हातोडीनं गोठ्याच्या खांबात खिळा ठोकत होते. नवी तार, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन हटत नाही अशा जागी. दामिनी घडी द्यायची, ते झटकून तारेवर टाकायचे. वाकड्या बसलेल्या परत सरळ करायचे. गोदावरीबाई दारात उभी होती, आणि समोरच्या घरची बाई कुंपणावरून पाहत होती. तिच्या हातात तिची ओली घडी होती.

मॅडमनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी बंद कर," त्या म्हणाल्या. "आणि मग रिकामीच घेऊन जा."

मोटरसायकल होती तुलारामची. तो पलीकडच्या गावचा पटवाला, पटाची कीर्ती ऐकून खास आलेला. त्याला कालचं काही ठाऊक नव्हतं. तो थेट तारेखाली जाऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून.

"वा, भय्याजी!" तो म्हणाला. "ह्याच का त्या पट जिंकनाऱ्या? बैलाच्या गाद्या? एक दे ना राजा, माह्या जोडीले."

भय्याजींचे कान लाल झाले. हातोडी हातातच राहिली. दामिनीनं डोळे मिटून घेतले.

"नाही बे," भय्याजी म्हणाले. आवाज आधी खोल गेला, मग त्यांनी घसा खाकरला आणि पटाच्या माईकवर बोलावं तसे मोठ्यानं बोलले. "बैलाच्या नाही. माह्या पोरीच्या हायेत. पाळीच्या. अन् तू जरा बाजूले सरक, ऊन अडवून राहिला."